पाणथरी काढण्याआधीचे चौदा दिवस

लेकीची पाणथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, काढायची होती. त्या ऑपरेशनची पहिली तारीख होती २६ फेब्रुवारी २०२४. प्रत्यक्षात ऑपरेशन झालं ३ जूनला. मधल्या चौदा आठवड्यांत आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे लग्नानंतर कधी झाले नव्हते, आणि जवळपास सगळे एकाच गोष्टीवरून. लसी देत बसायचं, का ऑपरेशन उरकून मोकळं व्हायचं? त्या वेळी हे मला कुणी सविस्तर सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितोय.

आमच्या घराण्यात डोळे पिवळे. माझे वडील प्रयाग चिखलीचे, शेती आणि म्हशी. त्यांना आयुष्यभर लोक विचारायचे, कावीळ झालीय काय? दोनदा झाडपाल्याचं औषधही घेऊन झालं होतं. माझेही डोळे तसेच. सव्विसाव्या वर्षी माझ्या पित्ताशयात खडे निघाले, पित्ताशय काढून टाकलं, आणि मी शिरोली एमआयडीसीत परत लेथवर उभा राहिलो. एवढ्या कमी वयात खडे का झाले, हे ना मी विचारलं ना कुणी मला सांगितलं.

लेक नऊ वर्षांची. लहानपणापासून पांढुरकी, जिना चढली की धापा टाकायची. डिसेंबर २०२३ मध्ये तिला साधा ताप आला, चार दिवसांत उतरला, आणि त्यानंतर ती कागदासारखी पांढरी पडली. हिमोग्लोबिन ४.२. ॲडमिट करून रक्त चढवलं. आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी तिची फाईल वाचता वाचता मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमचे डोळे कायम असेच असतात का?"

त्या एका प्रश्नातून आजाराचं नाव निघालं. हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस. आईवडिलांपैकी एकाला असला तरी मुलाला होऊ शकतो. रक्तातली तांबडी पेशी मधे दबलेली, लवचिक असते, अरुंद फटीतूनही वाकून निघून जाते. आमच्या पेशी गोल, बेअरिंगच्या छर्र्यासारख्या. प्लीहेतल्या बारीक फटींतून जाताना त्या अडकतात आणि तिथंच मोडल्या जातात. एरवी १२० दिवस जगणारी पेशी थोड्या दिवसांत संपते. शरीर नव्या पेशी भराभर बनवत कसंबसं भागवत असतं, आणि पार्व्होसारख्या विषाणूनं तो कारखाना आठवडाभर बंद पाडला की हिमोग्लोबिन धाडकन कोसळतं. डिसेंबरात तेच झालं होतं. प्लीहा म्हणजे आमच्या आईच्या भाषेत पाणथरी. सोनोग्राफीत ती १६ सेंटीमीटर भरली, आणि पित्ताशयात खडेही दिसले, तेही नवव्या वर्षी. ते ऐकल्यावर मी दवाखान्याबाहेर जाऊन बराच वेळ एकटाच उभा राहिलो. माझ्याकडूनच आलेलं होतं ना ते.

प्लीहा काढली की पेशी गोलच राहतात, पण मोडायच्या थांबतात. म्हणून ऑपरेशन. सहा वर्षांच्या आत शक्यतो करत नाहीत, ते वय तिनं ओलांडलं होतं. एका सर्जनांकडं गेलो. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. दुर्बिणीनं प्लीहा आणि पित्ताशय एकदमच काढू, चार दिवसांत घरी, असं सांगून त्यांनी २६ फेब्रुवारी दिली. रक्ताच्या तपासण्या झाल्या, छातीचा फोटो झाला, पैसे भरायचे ठरले. लसींबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड पूर्ण भरलेलं होतं, विषय संपला असंच वाटत होतं.

ऑपरेशनला पाच दिवस राहिले असताना मी फक्त जुने रिपोर्ट न्यायला मॅडमकडं गेलो. त्यांनी सहज विचारलं, "लसी कधी दिल्या?" मी अभिमानानं ते कार्ड पुढं केलं. ते बघून त्यांनी पेन खाली ठेवलं. "या नाहीत. न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल. ऑपरेशनच्या किमान चौदा दिवस आधीच्या." त्यांनी माझ्यासमोर सर्जनांना फोन लावला. पलीकडून आलेलं उत्तर मला ऐकू आलं: देऊ की नंतर, काय फरक पडतो.

काय फरक पडतो ते मॅडमनी मला अर्धा तास बसवून समजावलं. त्या दिवशी बाहेर पेशंटची रांग होती, तरी. मी त्यांचं ते ऋण विसरणार नाही.

काही जिवाणूंच्या अंगावर साखरेचं गुळगुळीत आवरण असतं. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब हे त्यातले मुख्य. रक्तात शिरले की ते इतर पेशींच्या हाती सहज लागत नाहीत. त्यांना पकडणारी मोठी चाळणी म्हणजे प्लीहा, आणि त्या आवरणाविरुद्ध झटपट प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करणाऱ्या खास पेशींचं घरही प्लीहेतच. प्लीहा गेली की चाळणीही गेली आणि ते घरही गेलं. मग साध्या तापानं सुरू झालेला संसर्ग काही तासांत जीवघेणा होऊ शकतो. हे क्वचित होतं, पण झालं तर वेळ देत नाही, आणि धोका आयुष्यभर राहतो. लस टोचल्यापासून पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे प्लीहा जागेवर आहे तोवर तिच्याकडून हे काम करून घ्यायचं, आणि मग तिला निरोप द्यायचा.

"अपघातात पोटाला मार लागून प्लीहा फुटली तर?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हा कोण थांबेल? आधी जीव वाचवायचा, आणि लसी ऑपरेशननंतर चौदा दिवसांनी, शरीर धक्क्यातून सावरल्यावर. "पण तुमच्या हातात तारीख आहे. ती कशाला घालवता?"

मी २६ फेब्रुवारी रद्द केली.

नंतर दुसऱ्या एका हॉस्पिटलमधले लहान मुलांचे सर्जन मॅडमनी सुचवले. ते स्वतःच म्हणाले, लसींचा कागद आल्याशिवाय मी तारीख लिहीत नाही. मला वाटत होतं सगळ्या सुया एकाच दिवशी टोचून दोन आठवडे मोजायचे. तसं नव्हतं. न्यूमोकोकलच्या दोन वेगवेगळ्या लसी. आधी १३ प्रकारांवरची, आणि तिच्यानंतर किमान आठ आठवड्यांनी २३ प्रकारांवरची. मॅडमकडं जी मेनिंगोकोकल लस होती ती १३ वालीबरोबर एकाच वेळी दिली तर न्यूमोकोकलचा परिणाम कमी पडतो, म्हणून प्लीहा जाणाऱ्या मुलांना ती चार आठवड्यांनी. तिचाही दुसरा डोस आठ आठवड्यांनंतर. हिबची लस लेकीच्या कार्डावर सापडली नाही म्हणून तीही. कांजिण्यांची लस मात्र आत्ता नाही, कारण ती जिवंत विषाणूची. डिसेंबरात चढवलेल्या रक्तातली दुसऱ्याची प्रतिपिंडं तिला निकामी करतात, म्हणून रक्त दिल्यापासून सहा महिने थांबायचं.

मॅडमनी एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं: ४ मार्च, १ एप्रिल, २९ एप्रिल. त्याखाली रेघ मारून, "१३ मे च्या आधी ऑपरेशन नाही." तो कागद मी आमच्या फुलेवाडीच्या घरात फ्रीजच्या दारावर चिकटवला. पुढचे तीन महिने घरातलं सगळं राजकारण त्या कागदासमोर उभं राहून झालं.

सरकारी कार्यक्रमात न्यूमोकोकलची लस आता मोफत मिळते, पण ती वर्षाच्या आतल्या बाळांना, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी. नऊ वर्षांच्या मुलीसाठी विकतच घ्यावी लागली. पगाराचा मोठा तुकडा त्यात गेला आणि ओव्हरटाइम करावा लागला. २३ वाली कोल्हापुरात लगेच मिळेना, पुण्याहून मागवावी लागली. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पॅकसकट आली. मॅडमच्या सिस्टरनी डबा उघडून आधी पॅक चाचपले, मगच लस आत घेतली. दोन ते आठ अंशांत नसेल तर परत पाठवतो, म्हणाल्या. आमच्या कारखान्यात मापात एक शतांश मिलिमीटर चुकलं तर जॉब रिजेक्ट होतो, त्यामुळं ती शिस्त मला फार आवडली.

पहिल्या सुयांना लेकीनं कुरकूर केली नाही. १ एप्रिलला मात्र दारातच थबकली. मग माझा हात सोडवून घेत म्हणाली, "पप्पा, तुम्ही बाहेर थांबा. मी एकटा जातो." आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, येतो, जातो. ती आत गेली आणि मी बाहेरच्या बाकावर डोळे पुसत बसलो.

आईचा विरोध पहिल्यापासून होता, आणि त्यामागं कारण होतं. चिखलीत पंचगंगेच्या पुराचं पाणी येतं. २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. दोन्ही वेळा माणसं, जनावरं हलवावी लागली आणि शिरोलीजवळ हायवेही पाण्याखाली गेला. "आरं, जूनपतोर लांबवलंस तर पाऊस लागंल. पोरगी टाक्याची, आन् रस्तं बंद. मग काय करशील?" रोज फोनवर हेच. मी तिला चौदा दिवसांचं गणित समजावत राहिलो, ती मला पंचगंगा समजावत राहिली. दोघांचीही भीती खरी होती. पण वाढलेलं पाणी दोन दिवस आधी कळतं, राजाराम बंधाऱ्यावर फूट मोजले जातात. रक्तात शिरलेल्या जिवाणूची अशी पातळी कुठंच वाचता येत नाही. शेवटी मी हे असंच तिला सांगितलं. ती गप्प झाली. पटलं का नाही ते बोलली नाही.

मेव्हण्याचं म्हणणं निराळं. "दाजी, आमच्या पोराचं हर्नियाचं ऑपरेशन लस दिल्यावर तिसऱ्या दिवशी केलं की. डॉक्टर काही बोलले नाहीत. तुम्हालाच कसे चौदा दिवस?" हा प्रश्न माझ्याही मनात अडकला होता. तो मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तपासणीच्या वेळी विचारला, आणि त्यांनी तो छान सोडवला. साध्या ऑपरेशनला लसीमुळं अडचण येते ती एवढीच, की लसीनं ताप येतो आणि ऑपरेशननंतर ताप आला तर तो कशाचा हे ओळखता येत नाही. मेलेल्या जिवाणूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांच्या लसीचा ताप एकदोन दिवसांत येऊन जातो, म्हणून दोनतीन दिवस सोडले तरी चालतं. गोवराच्या लसीचा ताप मात्र आठवड्यानं उगवतो, तेव्हा पालकांनी ती तारीखही सांगायला हवी. भूल दिल्यानं लस वाया जाते असं नाही. "तुमच्या मुलीचे चौदा दिवस तापासाठी नाहीत," ते म्हणाले. "जो अवयव आम्ही काढणार आहोत, त्याचीच ती मुदत आहे." मेव्हण्याला मी शब्दशः हे सांगितलं. त्यानंतर तो माझ्या बाजूनं बोलायला लागला, अगदी आईशीसुद्धा.

२९ एप्रिलला २३ वाली लस झाली. दंड सुजला, लाल झाला, रात्री ताप १०१. दुसऱ्या दिवशी उतरला. ऑपरेशन १६ मे ला ठरलं.

आणि ४ मे ला हॉस्पिटलच्या ऑफिसातून फोन आला. सोमवारी ६ तारखेला थिएटर रिकामं झालंय, एका पेशंटनं पुढं ढकललंय, सात तारखेच्या मतदानामुळं लोक यायला तयार नाहीत, तुम्ही येता का? बायको माझ्याकडं बघत होती. दहा दिवस आधी सुटका. मी एमआयडीसीतून रजा टाकली होती ती १६ पासूनची, पण तेवढं बदलता आलं असतं. आई तर म्हणाली, अंबाबाईनंच फोन लावला. मी फ्रीजपाशी गेलो. २९ ते ६, सात दिवस होत होते. फोनवरच्या मुलीला म्हणालो, सरांना एकदा विचारा, लस झाल्याला सातच दिवस होतात. तिनं परत फोन केला तेव्हा तिचा आवाज उतरला होता. सर म्हणाले, नाही, १६ लाच. तिचा दोष नव्हता, तिच्यापुढच्या यादीत लसीच्या तारखेचा रकाना नव्हता. पण मी विचारलं नसतं तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग १६ मे सुद्धा हुकली. लग्नसराई. वहिनींच्या माहेरच्या लग्नात लेक भिजल्यासारखी घामाघूम झाली, वर थंड सरबत प्यायली, आणि १४ ला नाक वाहू लागलं, खोकला. भूल देणाऱ्यांनी छातीला नळी लावली आणि मान हलवली. सर्दीनंतर काही आठवडे मुलांच्या श्वासनलिका चिडखोर राहतात, भुलीत त्या आवळून धरू शकतात. ३ जून. या वेळी मी कुणाशी वाद घातला नाही. आईनं फक्त आभाळाकडं बघितलं.

मधे एक पेच आला. मेनिंगोकोकलचा दुसरा डोस २७ मे पासून देता आला असता, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात. मी तारखा पाळायच्या इतका आहारी गेलो होतो की लस घेऊन द्यायलाच निघालो होतो. मॅडमनी थांबवलं. पहिल्या डोसनं आधार तयार आहे. आता दिला तर त्याला चौदा दिवस मिळणार नाहीत, आणि त्याचा ताप ऑपरेशनच्या तोंडावर आला तर तारीख पुन्हा जाईल. तो ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी. गणित पाठ झालं म्हणून ते समजलंय असं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशनला साडेतीन तास लागले. चार छोट्या भोकांतून. प्लीहेचा एखादा छोटा जोडतुकडा मागं राहिला तर तो वाढून पुन्हा पेशी मोडू लागतो, म्हणून सर्जनांनी पोटात सगळीकडं शोध घेतला. बाहेर आम्ही सगळे. आई चिखलीहून पहाटेच येऊन बसली होती, हातात कुंकवाची पुडी.

दुसऱ्या रात्री लेकीला ताप भरला, १००.८. माझे पाय लटपटले. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी फाईल उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, "शेवटची लस कधी?" २९ एप्रिल, पाच आठवडे झाले. म्हणजे लसीचा ताप नाही, एक शक्यता लगेच कटाप. दुखतंय म्हणून ती खोल श्वास घेत नव्हती, फुप्फुसाचा खालचा भाग मिटला होता. तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र तिच्या हातात दिलं. चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन. रक्ताची तपासणी स्वच्छ आली आणि ताप गेला. त्या मधल्या रात्री डॉक्टरांना अंदाज करत बसावं लागलं नाही, ते त्या मोकळ्या ठेवलेल्या दिवसांमुळं.

१७ जूनला उरलेला मेनिंगोकोकल डोस झाला. त्याच दिवशी हिमोग्लोबिन ११.६. प्लेटलेट आठ लाख, पण प्लीहा गेल्यावर त्या चढतात, लक्ष ठेवू म्हणाले. घरी आल्यावर बायकोनं लेकीला खिडकीपाशी उभं केलं, तिची खालची पापणी ओढून पाहिली, आणि मला हाक मारली. डोळे पांढरे होते. हा आजार उतरत आलेल्या आमच्या तीन पिढ्यांत मी असे डोळे पहिल्यांदा पाहिले.

लसी झाल्या म्हणजे सगळं संपलं नाही, हेही सांगायला हवं. रोज अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक. ताप १०१ झाला की वाट बघायची नाही, घरात ठेवलेल्या अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायचा आणि थेट हॉस्पिटल. कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी तेच, रेबीजच्या सुया त्याशिवाय वेगळ्या. कुत्र्याच्या लाळेतला एक जिवाणू प्लीहा नसलेल्याला फार त्रास देतो, आणि आमच्या गल्लीत रात्री कुत्री किती असतात ते फुलेवाडीकरांना माहीत आहे. डासांपासून जपायचं, मलेरियाही तिला जड जाईल. शाळेच्या दप्तरात एक कार्ड, "प्लीहा काढलेली आहे," वर लाल अक्षरात.

जुलैच्या शेवटी पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली. आई आमच्याकडं आली होती. तशात एका रात्री लेकीचं अंग तापलं, १०१.२. आईनंच आधी हात लावून पाहिलं आणि मला उठवलं. "गोळी दे आदी. मग गाडी काढ." पाऊस कोसळत होता, पण दवाखान्याचा रस्ता उघडा होता. तिथं ते कार्ड दाखवल्याबरोबर रिपोर्ट यायची वाट न बघता शिरेतून इंजेक्शन दिलं. दोन दिवसांनी रक्ताचं कल्चर, म्हणजे जिवाणूंची तपासणी, स्वच्छ आलं, विषाणूचाच ताप निघाला.

फ्रीजवरचा कागद आता काढलाय. त्या जागी मॅडमनी भरून दिलेलं नवं कार्ड आहे. लेकीच्या भावाचंही रक्त तपासलं, त्याला आजार नाही. लेकीच्या कार्डात शेवटच्या ओळीत २३ वालीचा पुढचा डोस लिहिलाय, पाच वर्षांनी, २९ एप्रिल २०२९. तेव्हा ती चौदा वर्षांची असेल.